वाचनालयाचा इतिहास लिहायला घेताय? आधी दाखल रजिस्टर उघडा, स्मरणिका नंतर

सध्या बऱ्याच गावांत हा विषय निघालाय. कुठल्या वाचनालयाला शंभर होतायत, कुठल्याला सव्वाशे, काहींनी तर दीडशेही ओलांडली, मग कार्यकारिणीच्या बैठकीत चहा येईपर्यंत ठरून जातं की स्मरणिका काढायची, त्यात "संस्थेची वाटचाल" म्हणून दहाएक पानं टाकायची, आणि गावात जो कोणी पेपरात अधूनमधून लिहितो त्याच्याकडे सगळे बघतात. तुमच्याकडे बघितलं असेल तर हे तुमच्यासाठी.

पहिलं काम म्हणजे जुन्या स्मरणिका गोळा करा, एकदा वाचा आणि बाजूला ठेवा. फेकायच्या नाहीत, फोटो आणि नावं लागतात नंतर. पण त्यातला मजकूर उचलून पुढं न्यायचा नाही, कारण होतं काय की सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेतलं शताब्दीच्या स्मरणिकेत उतरतं, तिथून सव्वाशेच्या, आणि मधे कुणीतरी १८६३ चं १८६८ केलं असेल तर ते पक्कं होऊन बसतं, पुढं कोणी तपासतच नाही. बरं त्यात असतं काय, अध्यक्षांची यादी, देणगीदारांचे फोटो, मंत्र्यांचे शुभेच्छा संदेश आणि गावातल्या सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात. लोक काय वाचत होते, पैसे कुठून येत होते, दारातून आत कुणाला घेत होते आणि कुणाला नाही, हे काही नसतं. माझ्या मते इतिहास तोच आहे, आणि तो बहुतेक सगळा दोन वह्यांत सापडतो, एक दाखल रजिस्टर म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, आणि दुसरी रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही.

त्याच्या आधी स्थापनेच्या सालाचा गुंता सोडवून घ्या, कारण सगळे भांडतात ते याच्यावरून. बाहेरच्या बोर्डावर एक साल असतं, कोनशिलेवर दुसरं, लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासोबत तिसरं. यातलं कुठलंच खोटं नसतं, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कोनशिला इमारतीची असते, संस्थेची नाही. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, त्यामुळे त्याच्या आधी सुरू झालेल्या वाचनालयाची नोंदणी स्थापनेच्या वेळी झालेली असणं शक्यच नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा १९५० चा, धर्मादाय आयुक्तांकडचा नंबर त्यानंतरचा. आणि शासनमान्यता म्हणाल तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, म्हणजे "शासनमान्य अ वर्ग" ही सरकारी प्रतवारीची पाटी त्याच्याही नंतरची. सरकारी कागदांवरच्या या तिन्ही तारखा खऱ्या आहेत पण जुन्या वाचनालयाचा जन्म त्यातल्या एकीवरही झालेला नसतो. जन्माची तारीख शोधायची तर सगळ्यात जुनं इतिवृत्त, सगळ्यात जुना छापील अहवाल, नाहीतर त्या वेळच्या वर्तमानपत्रातली बातमी. जुन्या कागदावर शके असेल तर डोळे मिटून ७८ मिळवू नका, चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९, नाहीतर शके १७६२ च्या माघातली सभा तुम्ही १८४० ला नेऊन बसवाल आणि ती झालेली असेल १८४१ च्या सुरुवातीला.

आणि हात जोडून सांगतो, "महाराष्ट्रातलं पहिलं" लिहायच्या आधी दहादा विचार करा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आपली स्थापना १८२८ ची सांगतं, अहमदनगरचं (आताचं अहिल्यानगर) जिल्हा वाचनालय १८३८, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे सावाना १८४०, पुणे नगर वाचन मंदिर १८४८, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०, सोलापूरचं १८५३. पणजीची लायब्ररी पोर्तुगीजांच्या काळातली, १८३२ ची. या रांगेत तुमचं गाव कुठं बसतं ते बघा आणि जे बसतं तेच लिहा, सातवं असलं तरी काही बिघडत नाही. "जिल्ह्यातलं दुसरं" हे वाक्य खरं असेल तर ते खोट्या "पहिल्या"पेक्षा शंभरपट बरं.

ही जी जुनी वाचनालयं, त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ नाव नेटिव्ह लायब्ररी किंवा नेटिव्ह जनरल लायब्ररी असायचं. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचं तेच, सोलापूरच्या आजच्या हिराचंद नेमचंद वाचनालयाचंही तेच. त्यामुळे जुन्या कागदांत तुमच्या आजच्या नावाने शोधलंत तर काही मिळणार नाही आणि तुम्ही म्हणाल नोंदच नाही. आधी नावांची यादी करा, कुठल्या सालापर्यंत काय नाव होतं. ही यादी करायची सोपी युक्ती म्हणजे जुन्या पुस्तकांवरचे शिक्के. कपाटातली सगळ्यात जुनी पन्नासेक पुस्तकं काढा आणि आतल्या पानावरचा शिक्का बघा, गोल आहे का लांबट, इंग्रजीत का मराठीत, नाव काय. दोन-दोन तीन-तीन शिक्के एकावर एक मारलेले असतात, त्यांचे फोटो काढून सालवार लावले की नाव कधी बदललं ते आपोआप कळतं. शिक्क्यावर साल नसलं तर पुस्तकाचं प्रकाशनवर्ष बघा, शिक्का त्याच्या आधीचा नसणार एवढं तरी नक्की. पहिलं पान फाटलेलं असेल आणि मराठी पुस्तक असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आहे, १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं त्यात मिळतात, मोठ्या लायब्रऱ्यांत असते.

आता गॅझेटियर. मुंबई इलाख्यातल्या गावांसाठी कॅम्पबेलची गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, ही सोन्याची खाण आहे आणि लोक ती देवळं आणि किल्ल्यांसाठीच उघडतात. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाणे १८८२, नाशिक १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. त्यात शिक्षणाचं प्रकरण काढा आणि थेट शेवटाकडे जा, शाळांचे तक्ते संपले की वाचनालयं आणि मग वर्तमानपत्रं असा क्रम साधारण असतो. तिथं चार ओळी सापडतील, कधी सभासद किती, वर्गणी किती, कुठं भरतं. चारच ओळी पण त्या बाहेरच्या माणसाने त्या वेळी लिहिलेल्या आहेत, आपल्या मंडळींनी पन्नास वर्षांनी आठवून नाही. स्कॅन प्रती नेटवर फुकट आहेत. विदर्भातलं गाव असेल तर मध्य प्रांत-वऱ्हाडची जिल्हा गॅझेटियर बघा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपासची. मराठवाड्याचं काम जरा अवघड, हैदराबाद संस्थानची कागदपत्रं, त्यात उर्दू आणि फसली म्हणजे महसुली सन, फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, एखाद वर्ष इकडंतिकडं.

आता मुद्द्याचं, दाखल रजिस्टर. हे ग्रंथपालांकडे मागितलं की ते आधी नवीन रजिस्टर दाखवतात, तुम्हाला पाहिजे ते माळ्यावर असतं, कापडी बांधणीचं, कसर लागलेलं. खाली आणा, फडक्याने हलकेच झटका, आणि थुंकी लावून पान उलटू नका, पानं कडेने तुटतात. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी तर अजिबात नको, दहा वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. फ्लॅश बंद करून मोबाइलवर एकेक पानाचा फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोरी पानंसुद्धा. हे काम आजच करा असं मी का म्हणतोय तर २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि पुस्तकांचं काय झालं ते सगळ्यांनी पेपरात बघितलंय. पूर यायलाच पाहिजे असं नाही, एक गळका पत्रा पुरतो.

फोटो झाले की वाचायला बसा. रकाने साधारण असे असतात: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, कुठून आलं आणि शेवटी शेरा. नुसती यादी वाटते पण जरा हळू वाचा. अक्षर बदललं की माणूस बदलला, ती तारीख टिपून ठेवा, इतिवृत्तात त्याच महिन्यात नवीन ग्रंथपालाच्या नेमणुकीचा ठराव मिळतो का बघा. एकाच तारखेला ओळीने दोनतीनशे पुस्तकं आणि किंमतीच्या रकान्यात फक्त "भेट", म्हणजे कुणाचं तरी आख्खं घरचं कपाट आलंय, बहुतेक वकिलाचं किंवा हेडमास्तरांचं, त्या पुस्तकांवरून तो माणूस काय वाचायचा ते दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकळी जागा. एखाद्या वर्षी चारशे पुस्तकं दाखल आणि पुढची दोन वर्षं एकही नाही, का? १८९६-९७ पासून पुढची काही वर्षं असतील तर प्लेग, लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते, वाचनालय कोण उघडणार. १९१८ असेल तर इन्फ्लुएंझा. १९४२-४३ असेल तर कागदाची टंचाई किंवा कार्यकर्ते तुरुंगात. पण हे नुसतं अंदाजाने ठोकू नका, इतिवृत्तात त्या वर्षी सभा झाल्या का ते ताडून बघा. कधीकधी कारण एवढंच असतं की चिटणीस आणि अध्यक्षांचं वाजलं होतं.

भाषेचं प्रमाण काढा. पहिल्या हजार पुस्तकांत इंग्रजी किती, मराठी किती, संस्कृत, गुजराती, कन्नड किती. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच लायब्रऱ्या कलेक्टर, जज्ज, मुन्सफ, मामलेदार, वकील यांच्या वर्गणीवर उभ्या होत्या आणि तिथं इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायला लोक जमायचे, मराठी पुस्तकं त्या मानाने कमी. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ ला निघालं, वि. ल. भावे आणि मंडळींनी, ते मुद्दाम मराठी ग्रंथ जमवायलाच, त्यावरून कळतं की गरज काय वाटत होती. तुमच्या रजिस्टरात मराठीने इंग्रजीला कधी मागं टाकलं ते साल शोधा, माझ्या मते कुठल्याही वाचनालयाच्या इतिहासातलं ते इमारतीच्या उद्घाटनापेक्षा मोठं साल आहे. कादंबऱ्या कधी वाढल्या तेही बघा. आणि कादंबऱ्यांविरुद्ध कुणी वार्षिक सभेत भाषण ठोकलं असेल तर ते तसंच्या तसं छापा, वाचकांना फार आवडतं.

पण रजिस्टर सांगतं काय विकत घेतलं, लोकांनी काय वाचलं ते नाही. देवघेवीच्या वह्या बहुतेक ठिकाणी रद्दीत गेलेल्या असतात. मग? बाइंडिंगची बिलं बघा. जे पुस्तक पुन्हापुन्हा बाइंडिंगला जातं ते लोकांनी फाडून खाल्लेलं असतं, आणि जे शंभर वर्षांनी अजून कडक आहे ते कुणी उघडलेलं नाही, मग ते कितीही थोर असो. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखचिठ्ठ्यासुद्धा बघा, आणि समासातले वाचकांचे शेरे, रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर पेन्सिलीने "खुनी काका आहे" लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक गावात होऊन गेलेत. शेऱ्याच्या रकान्यात "गहाळ" कशापुढे जास्त आहे तेही मोजा, चोरीला काय जातं त्यावरून आवड कळते.

रोजकीर्द वाचताना एक पथ्य. जुने आकडे रुपये-आणे-पैत असतात, सोळा आणे रुपयाला, बारा पै आण्याला, दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ पासून आली. महिना चार आणे वर्गणी म्हणजे आजचे किती, असलं गणित करत बसू नका, ते कधीच बरोबर येत नाही. त्यापेक्षा त्याच वहीत त्याच महिन्याला शिपायाचा पगार किती होता ते बघा आणि दोन्ही शेजारी लिहा. शिपायाला महिन्याला पाच रुपये मिळत असतील तर चार आण्याची वर्गणी त्याला परवडणारी होती का, वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग हेही कळतं की "सार्वजनिक" या नावात सार्वजनिक कितपत होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० नंतर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, आपल्याकडे मुंबई इलाख्यात मात्र वर्गणी भरेल त्याला पुस्तक हाच रिवाज राहिला, हा फरक लिहिताना लक्षात असू द्या.

यालाच लागून दुसरा प्रश्न, जो स्मरणिकेत कुणी घेत नाही. आत कुणाला प्रवेश होता? सभासदांची जुनी वही काढा आणि आडनावं वाचा, आळी वाचा. पहिल्या पन्नास वर्षांत एकाच दोन आळ्यांतले लोक आहेत का, मुसलमान सभासद पहिल्यांदा कधी दिसतो, बाई पहिल्यांदा कधी, दलित वस्तीतला माणूस कधी. मुंबई कायदेमंडळात तिथले सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला झाला, सार्वजनिक पैशाने चाललेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा वगैरे अस्पृश्यांना खुले करा असा, त्याच्या पुढच्या चारपाच वर्षांतलं तुमचं इतिवृत्त जरूर वाचा, विशेषतः नगरपालिकेचं अनुदान घेत असाल तर. चर्चा झाली असेल तर लिहा, झाली नसेल तर झाली नाही असंही लिहा. बायकांचं आणखी एक आहे, त्या सभासद नसल्या तरी वाचत होत्या, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर पुस्तक घरी जायचं. ते वहीत दिसणार नाही, ते म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं.

विचारायला जाल तेव्हा "वाचनालयाबद्दल काही सांगा" असं म्हणू नका, मग भाषण सुरू होतं, ज्ञानगंगा वगैरे. बारीक विचारा. सकाळी दार कोण उघडायचं? पेपर कुठल्या टेबलावर, आणि निकालाच्या दिवशी किती गर्दी? दिवाळी अंकांसाठी नंबर कसे लावायचे? पुस्तक आणायला घरातलं कोण जायचं आणि आईने काय आणायला सांगितलेलं असायचं? माजी अध्यक्षांपेक्षा रिटायर झालेला शिपाई आणि बाइंडर यांना आधी गाठा, त्यांना कपाटांचं सगळं माहीत असतं. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि कुणाच्या घरातलं, उधारीचं काही सांगितलं तर ते छापू नका.

इमारतीसाठी सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढा. धारकाचं नाव, सत्ताप्रकार म्हणजे जागा कुठल्या हक्काने आहे ते, आणि खालच्या फेरफाराच्या नोंदी. गावात पिढ्यानपिढ्या सांगतात की जागा अमुक शेठजींनी दान दिली, आणि पत्रकावर ती निघते नगरपालिकेची, भाडेपट्ट्याने दिलेली. दोन्ही खरं असू शकतं, बांधकामाचा पैसा शेठजींचा आणि जमीन पालिकेची, पण तसं स्पष्ट लिहा, आणि छापायच्या आधी कार्यकारिणीला दाखवा कारण हा पुढं कोर्टाचा विषय होऊ शकतो. विश्वस्तांच्या बदलांसाठी धर्मादाय कार्यालयातले चेंज रिपोर्ट बघा, कोण कधी आलं कोण गेलं याच्या तारखा तिथं पक्क्या मिळतात.

१९६७ नंतरच्या काळासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फाइल असते, दर वर्षीचा अहवाल, तपासणीचे शेरे, वर्ग कधी वाढला कधी घटला. सरळ मागून बघा, नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. या काळातले पुस्तकसंख्येचे आकडे मात्र जपून वापरा, अनुदान आकड्यांवर मिळतं म्हटल्यावर आकडे फुगायची सवय सगळीकडेच असते, दाखल क्रमांकातून निर्लेखित म्हणजे रीतसर काढून टाकलेली आणि गहाळ वजा करून जे उरतं ते लिहा. १९७२ ला कलकत्त्याला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झालं, त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकांवर वेगळा शिक्का असतो, तोही रजिस्टरात ओळखू येतो.

एकोणिसाव्या शतकाचं आणखी खोलात जायचं तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, शिक्षण खात्याचे खंड, आणि १८५५ नंतरचे शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल. तिथं जायला ओळखपत्र आणि भरपूर सबुरी लागते, एका दिवसात काही होत नाही. जुनी इतिवृत्तं मोडीत असतील तर घाबरू नका, मोडी वाचणारे आता बरेच आहेत, वर्ग चालतात. वर्तमानपत्रांत पुणे भागासाठी १८४९ चा ज्ञानप्रकाश, मुंबईकडे १८६२ चा इंदुप्रकाश, नगरकडे १८४२ चा ज्ञानोदय, आणि तुमच्या जिल्ह्याचं जे काही साप्ताहिक असेल ते. वार्षिक समारंभाची बातमी बहुतेक ठरलेल्या महिन्यात येते, तो महिना एकदा कळला की दर वर्षीचा तोच अंक काढायचा, सगळे चाळायची गरज नाही.

लिहिताना अध्यक्षांची यादी परिशिष्टात टाका, मजकुरात नको. भांडणं गाळू नका, फूट पडून गावात दुसरं वाचनालय निघालं असेल तर ती घटना मोठी आहे, दोन्ही बाजूंचे कागद बघून लिहा, हयात माणसांची नावं न घेताही लिहिता येतं. प्रत्येक सालापुढे ते कुठल्या वहीच्या कुठल्या पानावरून घेतलं ते स्वतःच्या कच्च्या प्रतीत तरी लिहून ठेवा, छापून आल्यावर पहिला फोन "हे साल चुकलंय" असाच येतो आणि तेव्हा पान नंबर सांगता आला की विषय मिटतो. कच्चा मजकूर आताच्या ग्रंथपालांना एकदा वाचायला द्या, आडनावांच्या चुका त्यांनाच पटकन दिसतात. आणि रजिस्टरांचे फोटो तुमच्या एकट्याच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, एक हार्डडिस्क वाचनालयात, एक चिटणिसांच्या घरी, आणि कार्यकारिणीने ठराव केला तर सभासदांची वही वगळून बाकीचं नेटवर इंटरनेट आर्काइव्हवर चढवून टाका, पुढच्या स्मरणिकेवाल्याला माळ्यावर चढावं लागणार नाही.